रिकामी गॅलरी

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून मुलीनं पुण्याहून फर्मान काढलं. यंदा इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन परत यायचं नाही, मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर तीन रात्री राहायचं. निम्मे पैसे ती देणार. आजीलाही न्यायचं.

आता इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचावर. त्या सपाटीशी आमचा संबंध शाळेतल्या भूगोलापुरता. मोठं पाणी बघायचं तर यशवंत सागर तलाव, आणि प्यायचं म्हणाल तर 70 किलोमीटरवरच्या जलूदहून पंपानं चढवून आणलेली नर्मदा, तीही एक दिवसाआड. असे आम्ही जहाजावरची खोली निवडायला बसलो आणि त्याला तीन आठवडे लागले. हिला पसंत करायला मला वीस मिनिटं लागली होती, तीही पोह्यांसकट.

कॉलनीतला ट्रॅव्हलवाला लॅपटॉप घेऊन घरी आला. "भिया, टेंशन मत लो," असं म्हणून त्यानं जहाजाचा नकाशा उघडला. एकावर एक मजले, आणि प्रत्येक मजल्यावर काड्यापेटीत काड्या रचाव्यात तशा खोल्या. आतली खोली म्हणजे बिनखिडकीची. त्यापेक्षा महाग खिडकीवाली, पण ती खिडकी उघडत नाही. त्याहून महाग गॅलरीवाली. आणखी वर 'स्वीट', म्हणजे ऐसपैस खोल्यांचा संच होता, पण एकदा माझ्याकडे आणि एकदा आमच्या सोफ्याकडे बघून त्यानं तो भरकन पुढे सरकवला.

मी म्हटलं, आतली घेऊ. रात्री दिवे मालवले की सगळ्या खोल्या सारख्याच. ही तोवर गप्प होती. म्हणाली, "अहो, मला एकदा रिकाम्या गॅलरीत बसून चहा प्यायचाय."

यावर मला बोलता येईना. कारण सुदामा नगरातल्या आमच्या घराला गॅलरी आहे, हे नकाशात बघूनच कळतं. तिच्यात कूलर आहे, तो मार्चमध्ये खिडकीला लागतो आणि दिवाळीपर्यंत निघत नाही. पाणी न येण्याच्या दिवसासाठी भरलेले चार कॅन आहेत. मुलीची सायकल आहे, तिला चाक एकच. अर्धा डबा ऑइलपेंट आहे, ज्यातला रंग 2011 मध्येच दगड झाला, पण डबा चांगला आहे. एक तुळस आहे. या सगळ्यात एका पायावर उभं राहून ही रोज कपडे वाळत घालते. दुसरा पाय ठेवायला जागा नाही.

तर गॅलरी ठरली. मला वाटलं, संपलं.

"आगे की, बीच की, या पीछे की?" ट्रॅव्हलवाल्यानं विचारलं. समुद्र खवळला की जहाजाची दोन्ही टोकं सी-सॉसारखी वरखाली होतात, मध्ये बसलेल्या पोराला फारसं काही जाणवत नाही. अगदी मागे जहाजानं कापलेल्या पाण्याचा पांढरा पट्टा सुरेख दिसतो, पण इंजिनाची थरथर असू शकते. मी हे सगळं अवंतिका एक्स्प्रेसच्या भाषेत समजून घेतलं. मधला डबा बरा, बाथरूमशेजारचा बर्थ नको. मग मजला. वर गेलं की डोलणं जास्त. हे मला पटलं, कारण आपल्या राजवाड्याचेही खालचे तीन मजले दगडी आहेत आणि वरचे चार लाकडी. होळकरांनी वजन खाली ठेवलं ते उगीच नव्हे. शिवाय पोहण्याच्या तलावाखालची खोली घेतली, तर पहाटे डोक्यावर खुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो. तो मला घरीच मिळतो, वरच्या मजल्यावरून, फुकट.

इथे आई खोलीत आली. तिनं एकच प्रश्न विचारला. "पलंगाचं डोकं कुठल्या दिशेला?"

ट्रॅव्हलवाल्याला हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच आला असावा. त्यानं नकाशा फिरवला, मग मान फिरवली. म्हणाला, "माँजी, जाते समय दक्खन में. आते समय... उत्तर में." जहाज वळलं की अख्खी वास्तूच वळते, हे आईला मान्यच होईना. शेवटी तिनंच तोड काढली. परतीच्या रात्री ती उशी पायथ्याशी घेईल.

पण तिचं खरं काम गॅलरीशी होतं. सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायचं. म्हणजे गोव्याला जाताना पूर्वेची, किनाऱ्याकडची डावी बाजू हवी. हिला मावळता सूर्य बघत चहा प्यायचा होता, म्हणजे उजवी. येताना दोन्ही उलट. मी वहीत बाण काढून बघितले. बाण संपले, सूर्य ठरेना. ट्रॅव्हलवाला हळूच म्हणाला, जहाजावरून समुद्रात काहीही टाकायला मनाई असते. आईनं चष्मा काढला. "अरे, समुद्रात पाणी ओतलं तर गुन्हा?" मी वाऱ्याचा मुद्दा काढला, की तांब्यातलं पाणी समुद्राऐवजी खालच्या गॅलरीत चहा पिणाऱ्याच्या कपात जाईल. "मग त्याचंही पुण्य," आई म्हणाली.

ट्रॅव्हलवाल्यानं आणखी दोन नियम सांगून टाकले. गॅलरीचं दार उघडं ठेवलं की बऱ्याच जहाजांवर खोलीचा एसी बंद पडतो. (जन्मभर कूलरसाठी खिडकी उघडी ठेवलेल्या माणसाला हे शिकवायला वेळ लागतो.) आणि कठड्यावर काहीही वाळत घालायचं नाही. हिनं मान डोलावली.

मी शेवटचा डाव टाकला. यादीत एक गॅलरी बरीच स्वस्त होती. का, तर समोर लाइफबोट टांगलेली. समुद्राच्या जागी भलीमोठी केशरी होडी. मी म्हटलं, जहाज बुडालं तर सगळ्यात आधी आपण बसू. कोणी हसलं नाही. त्याहून स्वस्त होती 'गॅरंटी' केबिन, म्हणजे प्रकार तेवढा पक्का, नंबर कंपनी ठरवणार. ज्या गोष्टीच्या नावातच गॅरंटी आहे, तिची आमच्या घरात आजवर काय गत झाली ते त्या कूलरला विचारा.

दरम्यान डावी-उजवी चालू असतानाच मधल्या दोन खोल्या गेल्या आणि भाव चढला. घाबरून मी डावी बाजू, मधला भाग, आठवा मजला यावर बोट ठेवलं. हिचा सूर्यास्त परतीच्या वाटेवर. पैसे भरले.

काल रात्री बॅग भरणं चालू होतं. पाणी प्यायला उठलो तर ही शेवटचा कप्पा आवरत होती. नव्या साडीखाली नायलॉनची दोरी होती, नीट गुंडाळलेली, आणि एका पिशवीत डझनभर चिमटे. मी काही बोललो नाही. तेवढ्यात आई आली आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड हिच्या हातात दिलं. टॉवेलातून तांब्याची कड दिसत होती.