बाबांची बंदूक अजून ठाण्यात आहे

परवा संध्याकाळी पारावर नेहमीचेच सहाजण बसलो होतो, लाइट गेलेली, आणि विषय निघाला तो माझ्यामुळेच. बाबा जाऊन आठ महिने झाले. त्यांच्या नावावर एक ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, सिंधुदुर्गात असते तशी. परवानाधारक गेला की ती घरात तशीच ठेवता येत नाही, म्हणून बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मीच ती ठाण्यात नेऊन जमा केली. आता वारस म्हणून माझ्या नावावर करून घ्यायची की कायमची सोडून द्यायची ते ठरवायचंय. बायको नको म्हणते. आई काहीच म्हणत नाही. मी पारावर सहज विचारलं आणि दोन तास वादावादी झाली, त्यातलं जेवढं आठवतंय तेवढं लिहितोय.

मास्तरांनी लगेच सांगून टाकलं, सोडून दे. त्यांचं म्हणणं, तुझी शेती किती, तू रात्री राखणीला जातोस किती, मग घरात हत्यार कशाला? मुलगी बारा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणी घरात येतात. आणि रात्री शिकारीला गेलेल्यांपैकी कुणीतरी झुडपातल्या हालचालीवर बार टाकतो आणि तो आपलाच माणूस निघतो, ही बातमी आपल्याकडे काय नवीन आहे का? मास्तरांच्या वर्गातल्या एका पोराचा बाप असाच गेला, त्यामुळे ते या विषयावर बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलतो आणि आम्ही मधे बोलत नाही.

पण आबा बोलले. आबांची स्वतःची बंदूक आहे, त्यांच्या वडलांपासूनची. म्हणाले, "मास्तरांनू, तुमी रातीचे कधी काजीत राखणीक बसलात? एकटे? डुकार येता तेव्हा आवाज कसो येता म्हायत आसा?" मास्तर गप्प. मग आबांनी सांगितलं की भात कापणीला आलेलं असताना एका रात्रीत डुकरांचा कळप कुणगा, म्हणजे भाताचा वाफा, कसा लोळवून जातो, खातात थोडं आणि तुडवतात सगळं, आणि सकाळी बायको बांधावर उभी राहून नुसती बघत असते. केल्डी, म्हणजे माकडं, दिवसा नारळ टाकतात, गवे कुंपण मोडून येतात. दोडामार्गाकडे तर हत्ती, तिथे ठासणीची बंदूक काय कामाची, हे त्यांनीच कबूल केलं.

मी विचारलं, आबा, तुम्ही किती डुकरं मारलीत खरं सांगा. तर म्हणाले, मारायची कशाला, परवाना शेत राखायचा आहे, जनावर मारायचा नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. आबा नळीत बंदुकीची दारू ओततात, वर सोडण म्हणजे नारळाचा काथ्या कोंबतात, गजाने ठासतात, ठिणगीची केप बसवतात आणि आभाळात बार काढतात, छर्रे न घालता. आवाजाने कळप पळतो. आठ दिवसांनी परत येतो. "मगे काय, परत बार काढायचो." म्हणजे चाळीस वर्षं बंदूक बाळगलेला हा माणूस मुख्यतः आवाज करत आलाय. बाहेरच्या लोकांना बंदूकवाला म्हटला की जो माणूस डोळ्यासमोर येतो त्याचा आणि आबांचा काहीएक संबंध नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मास्तर म्हणाले, आवाजच करायचा तर फटाके लावा, त्याला लायसन्स लागत नाही. मुद्दा बरोबर आहे, लोक लावतातही. पण आबांनी यावर जे सांगितलं तिथून चर्चा वेगळ्याच वाटेला गेली. ते म्हणाले, बंदूक खांद्यावर असली की मी मांगरात, शेतातल्या खोपीत, एकटा झोपू शकतो. फटाक्याची माळ उशाशी घेऊन झोप लागत नाही. आणि दुसरं, वाडीत रात्री कुणाच्या शेतात काही आलं तर हाक मला मारतात, कारण माझ्याकडे बंदूक आहे, म्हणजे मी उठून गेलंच पाहिजे, पाऊस असो ताप असो. बाबांचंही असंच होतं. दाराशी हाक आली की आई कंदील पुढे करायची आणि बाबा निघायचे. मला लहानपणी वाटायचं की बाबा शूर आहेत. आता वाटतं, बंदूक घरात होती म्हणून त्यांना नाही म्हणता येत नव्हतं.

वकील इतका वेळ तंबाखू मळत होता. तो कायद्यावर आला. म्हणाला, १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, म्हणजे ज्यांनी कायदा लिहिला त्यांना शेतकऱ्याची बंदूक आणि गुंडाचं पिस्तूल यातला फरक कळत होता. आणि त्याआधीचा १८७८ चा कायदा, लिटन व्हाइसरॉय असतानाचा, त्यात हिंदी माणसाला परवाना लागायचा आणि युरोपियनाला सूट, म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला परवान्याचं पुस्तक मिळणं म्हणजे सरकारने तुला माणसात मोजलं असं वाटायचं. हे मला एकदम पटलं, कारण बाबांनी ते पुस्तक कपाटात जमिनीच्या सातबाराबरोबर, त्याच पिशवीत ठेवलेलं. दर तीन वर्षांचे नूतनीकरणाचे शिक्के, वेगवेगळ्या शाईतले, काही सह्या वाचता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची झाली, तो शेवटचा शिक्का. ती मुदत संपायच्या आधी बाबाच गेले.

आणि म्हणूनच निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला लागते त्याचा राग येतो. इथे मी स्वतः बोललो आणि जरा जास्तच बोललो. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला, म्हणजे पूर्ण काजू-आंब्याचा हंगाम. पुन्हा विधानसभेची १५ ऑक्टोबरला, निकाल २३ नोव्हेंबरला, म्हणजे भातकापणी. शेत राखायला दिलेली बंदूक नेमकी शेत राखायच्या दिवसांत ठाण्यात. बाबा दोन्ही वेळेला एसटीने घेऊन गेले, गोणपाटात गुंडाळून, सत्तरीच्या पुढचा माणूस, आणि तिथे बाकावर दुपारपर्यंत बसून पावती घेऊन आले. परत मिळाली तेव्हा नळीला आतून गंज. खोबरेल लावून चिंधीने चार दिवस साफ करत होते. मला म्हणाले, "मी कुणाचं काय केलंय रे?" एवढंच. त्यांना बंदूक नेल्याचं दुःख नव्हतं, आपली गिनती कुठल्या लोकांत झाली याचं होतं.

वकिलाने सांगितलं की सरसकट जमा करायच्याच नाहीत मुळात. २००९ साली मुंबई हायकोर्टासमोर हा प्रश्न आला होता आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यात छाननी समिती बसवायला सांगितली, जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, दंगलीत नाव आलेले अशांच्या बंदुका बघायच्या, प्रत्येकाच्या नाहीत. मग आमच्या बाबांची का घेतली? वकील म्हणाला, कारण निरोप आला आणि ते घेऊन गेले, कुणी विचारलंच नाही. आबा पण घेऊन गेलेले. कुणालाच माहीत नव्हतं. हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी परवाना असेल तर पुढच्या वेळी जाऊन शांतपणे विचारा तरी, भांडू नका, पण विचारा.

भाई मधेच म्हणाला, हे सगळं कर्नाटकातल्या कुर्गात बघा. भाई पाच वर्षं मडिकेरीजवळ कॉफीच्या इस्टेटवर हिशेबाला होता. तिथल्या कोडव लोकांना आणि जम्मा म्हणजे वंशपरंपरागत जमीनवाल्यांना बंदुकीला परवानाच लागत नाही, ब्रिटिशांनी १८६० च्या दशकात सूट दिली ती आजतागायत चालू आहे, केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मध्ये उचलून धरली. पोरगा जन्मला की घराबाहेर एक बार काढायची तिथली रीत. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोद नावाचा सण असतो, लावणीच्या कामासाठी देवघरात ठेवून दिलेली हत्यारं त्या दिवशी बाहेर काढून पुजतात आणि बंदुकीच्या नळीत एक फूल खोचतात, तोकपू, म्हणजे बंदुकीचं फूल. भाईने फोटो दाखवला तर ते आपलं कळलावीचं फूल! आमच्या कुंपणाला पावसात लाल-पिवळं फुलतं तेच. आम्ही बंदुकीला खंडेनवमीला झेंडू घालतो. मग नारळ झाडाला बांधून नेम धरतात, बायकाही धरतात, म्हातारेही. भाई म्हणाला, पाच वर्षांत मी तिथे कुणाला रागाने बंदुकीला हात लावताना बघितलं नाही, कारण ती देवाजवळची वस्तू आहे.

मास्तर म्हणाले, पोरगा जन्मला की बार, आणि पोरगी? भाईला उत्तर देता आलं नाही. मलाही तो प्रश्न लागला, कारण आमच्या घरात आता पुढची वारस पोरगीच आहे.

बंड्याने मग त्याच्या मावसभावाचं काढलं. तो ह्यूस्टनजवळ राहतो, आयटीत, डोंबिवलीत वाढलेला, लहानपणी बेडकालाही घाबरणारा. २०२० साली लॉकडाऊनमध्ये पिस्तूल घेतलं. बेडरूमच्या तिजोरीत असतं, आईबाबांना इकडे सांगितलेलं नाही. बंड्याने विचारलं कशाला रे, तर म्हणाला इथे मदत येईपर्यंत मी एकटाच आहे, आणि ते घेतल्यापासून मी इथला झालो असं वाटतं. त्याचं हे दुसरं वाक्य ऐकून मी चमकलो. वकिलाने फोनवर काढून वाचून दाखवलं, प्यू रिसर्च या संस्थेचा २०१७ चा सर्व्हे, अमेरिकेतले बंदूकवाले जवळपास चारातले तीन म्हणतात की हा हक्क माझ्या स्वातंत्र्याला आवश्यकच आहे, आणि निम्मे म्हणतात की बंदूक असणं हा माझ्या ओळखीचा महत्त्वाचा भाग आहे.

मास्तर म्हणाले, मग तिथलं दुसरंही वाच. बंदुकीने जी माणसं मरतात त्यातली निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोर येईल म्हणून घेतात आणि चोर येत नाही, वाईट रात्र येते. आणि आपल्याकडे शेतकऱ्याला वाईट रात्री कमी येतात का? यावर आबासुद्धा काही बोलले नाहीत. थोडा वेळ नुसता रातकिड्यांचा आवाज. मला आठवलं, काजूचा दर पडला त्या वर्षी बाबांनी बंदूक दोन महिने आबांकडे नेऊन ठेवलेली. का ते कधी सांगितलं नाही. मी पारावर आबांना विचारलं, आबा, तेव्हा का दिली होती तुमच्याकडे? आबा म्हणाले, "तेणा सांगल्यान ठेव म्हणान, मिया ठेवलंय. इचारूक नाय."

आपण बंदूक म्हणजे काय हे नेहमी बाहेरून ठरवतो, एक म्हणतो हत्यार, एक म्हणतो परंपरा, आणि माझ्यापुरतं ती या दोन्हींपेक्षा बाबांच्या रोजच्या सावधपणाची वस्तू होती. दारू एकीकडे, केपा दुसरीकडे, गज माडीवर. स्वतःवर भरवसा नव्हता तेव्हा शेजाऱ्याच्या हाती देण्याएवढी अक्कल. आणि अशा माणसाला निवडणुकीत बाकावर बसवलं याचा राग माझा अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण त्याच रागापोटी मी बंदूक घरात आणली तर ती राखणीची राहणार नाही, हेही मला त्या रात्री कळलं.

वकिलाने सांगितलं की २०१६ च्या नियमात वारसाला अर्ज करता येतो, आणि परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा २५ वर्षं बंदूक बाळगली तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावावर करता येते. म्हणजे बाबा असतानाच करता आलं असतं. तेव्हा त्यांनी विषय काढला होता एकदा, जेवताना, आणि मी मोबाइलमध्ये बघत हो हो म्हटलं होतं.

लाइट आली तेव्हा साडेनऊ झाले होते. घरी येऊन मी माडीवर गेलो. गज अजून खुंटीलाच आहे, बंदूक जमा करताना न्यायचा राहून गेला. आई खालून म्हणाली, "पुसून ठेव तो, पावसाळी हवेने गंजतो."

अर्ज भरलाय. बायकोशी बोललो, ती म्हणाली मांगरात ठेवा, घरात नको, आणि कुलपाची चावी माझ्याकडे. सोमवारी आबा बरोबर येतायत. नव्या नियमात सुरक्षिततेचं ट्रेनिंग आहे, ते पूर्ण होईपर्यंत मी बंदुकीला हात लावणार नाही असं मास्तरांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय, आणि अजूनही त्यांचं मत सोडून दे हेच आहे.