चप्पल अविश्वकोशीय आहे

बँकेतल्या ३१ वर्षांत मी कागदाविना परत पाठवलेल्या माणसांची रांग लावली, तर ती आमच्या दादरच्या हिंदू कॉलनीतून निघून माटुंग्याच्या पुढे जाईल. नोव्हेंबर आला की पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला यायचे. एकदा एक आजोबा काउंटरवर दोन्ही तळहात टेकून म्हणाले, "अहो बाई, मी समोर उभा आहे. आणखी काय दाखवू?" मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही दिसताय हो, फॉर्म दिसत नाहीये." मागच्या टेबलांवर हशा पिकला. मलाही आपण भलत्याच हजरजबाबी आहोत असं वाटलं. आजोबांनी मनातल्या मनात जो काही शाप दिला असेल, तो फळायला माझ्या निवृत्तीचं दुसरं वर्ष उजाडलं.

निमित्त मुलाचं. "आई, दिवसभर फॉरवर्ड पाठवतेस, त्यापेक्षा विकिपीडियावर लिही ना," म्हणाला. हेतू ज्ञानप्रसाराचा नव्हता, त्याचा फोन रिकामा करण्याचा होता. पण मला कल्पना आवडली. फक्त विश्वकोश म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे वाई आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येतात, नाहीतर २३ खंडांचा ज्ञानकोश उभा करणारे केतकर. तिथे मी काय लिहिणार? मुलगा म्हणाला, इथे कुणीही लिहितं. मराठी विकिपीडिया २००३ साली १ मेला सुरू झाला आणि तेव्हापासून सगळे फुकट राबतायत. मुहूर्त महाराष्ट्र दिनाचा आणि काम बिनपगारी, म्हणजे संस्था अस्सल मराठी. मी खातं उघडलं.

विषय घरातच होता. टॅक्सीवाल्याला "दादर टीटी" म्हटलं की तो मुकाट खोदादाद सर्कलला आणून सोडतो, पण त्या टीटीचा अर्थ विचारलात तर निम्मं दादर तिकीट तपासनीसावर जातं. ट्राम टर्मिनस! ट्रामचा शेवटचा थांबा. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची, आणि १९६४ च्या ३१ मार्चच्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघून दादरला आली नि खेळ आटोपला. हे सगळं कुणालाही पुस्तकात मिळेल. माझ्याकडे मात्र त्या शेवटच्या ट्राममध्ये बसलेल्या सासूबाई होत्या. बसलेल्या म्हणजे उभ्या असलेल्या. वय वर्षं ८६, स्मरणशक्ती आमच्या हेड ऑफिससारखी, म्हणजे जुनं काहीही विसरत नाही.

मी त्यांच्या पलंगाशी वही घेऊन बसले. "गर्दी म्हणजे काय सांगू," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले, चल, पुन्हा मिळायची नाही. चढताना कुणीतरी माझ्या डाव्या चपलेवर पाय दिला. मी वर, चप्पल खाली. नवी कोल्हापुरी गं. हे म्हणाले, थांबवू का? मी म्हटलं, शेवटची ट्राम आहे, माझ्या चपलेसाठी कुठे थांबवता!"

हे सगळं मी एका बैठकीत टंकलं. टीटी, ट्राम, गर्दी, चप्पल. खाली "बदल प्रकाशित करा" असं निळं बटण होतं. तिथे माझा हात अडखळला, कारण बँकेत नोंद करणारा एक आणि ती तपासून सही करणारा दुसरा. चार आण्यांचं व्हाउचर असलं तरी दोन माणसं लागतात. इथे दुसरं माणूस कुठाय म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. नवरा पेपर वाचत होता. दाबलं बटण.

दुसरं माणूस अकरा मिनिटांत आलं. माझा परिच्छेद होता तिथे आता काहीच नव्हतं. "इतिहास" नावाच्या कळीवर टिचकी मारली तेव्हा कारण दिसलं: "संदर्भ नाही. मजकूर अविश्वकोशीय."

अविश्वकोशीय! ३१ वर्षांत मला लोक काय काय म्हणाले आहेत, पण हा शब्द नवा होता. मी मजकूर परत घातला. त्यानं परत काढला. मी पुन्हा घातला आणि या वेळी खाली माझं नाव आणि हुद्दा (निवृत्त) लिहिला, म्हणजे कुणी आलतूफालतू लिहीत नाहीये हे कळावं. तोही गेला, वर तंबी आली की लेखात सही करायची नसते आणि असं उलटापालटीचं युद्ध खेळायचं नसतं. इंग्रजी विकिपीडियावर म्हणे २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर खातं गोठवू शकतात. खातं गोठवणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये, पण आजवर मी ते दुसऱ्यांचं गोठवत आले होते.

वाद घालायचा तर चर्चापानावर घाला, असा नियम. मी घातला. "महोदय, आपण कोणत्या अधिकारात माझा मजकूर काढलात याचा लेखी खुलासा करावा" इथपासून "आपली विश्वासू"पर्यंत रीतसर पत्र, खाली मोबाइल नंबर. दहा मिनिटांत उत्तर आलं. आधी नंबर काढा, हे पान सगळं जग वाचतं. मी घाईघाईनं काढला, तर कळलं की काढलेलंही "इतिहासा"त तसंच राहतं, तारीखवेळेसकट. शेवटी एका प्रचालकानं तो नंबर लोकांना दिसणार नाही असा झाकला. प्रचालक म्हणजे इथले ऑफिसर, फक्त केबिन नसलेले. सहीसाठी नाव लिहायचं नाही, चार टिल्ड द्यायचे, बाकी यंत्र लिहितं. टिल्ड ही आडवी झोपलेली नागमोडी रेघ असते आणि ती कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात, एस्केपच्या खाली राहते. मराठी टंकताना मात्र ती तिथे राहत नाही. इंग्रजीत जायचं, चार टिल्ड आणायचे, परत मराठीत यायचं. सही करायला इतकी पायपीट मी फक्त लॉकरसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकांना करायला लावली होती.

मग माझा मजकूर काढणाऱ्या त्या सदस्यानं मला धूळपाटीवर पाठवलं.

इथले शब्द कुणी पाडले देव जाणे, पण पाडले झकास. गप्पांची जागा ती चावडी. आपोआप कामं उपसणारा प्रोग्रॅम तो सांगकाम्या. आणि जिथे नवशिक्यानं वाट्टेल ते खरडून बघायचं ती धूळपाटी. पूर्वी पंतोजी पाटीवर धूळ पसरून पोरांकडून अक्षरं गिरवून घेत, ती. साठी ओलांडल्यावर मी धुळाक्षरं गिरवायला बसले. दुव्याला चौकटी कंस दोन-दोन, साच्याला महिरपी कंस दोन-दोन. एक कंस मिटायचा राहिला की जिथे सुबक तक्ता यायचा तिथे कुणीतरी पोतं फाडावं तशी चिन्हं सांडतात. एका रात्री मी "दादर टीटी" हे पान "खोदादाद सर्कल"कडे पुनर्निर्देशित करायला शिकले आणि शिकल्याच्या आनंदात "खोदादाद सर्कल"ही "दादर टीटी"कडे वळवलं. दोन्ही पानं एकमेकांकडे बोट दाखवून गप्प. चार नंबरला जा, चार नंबरवाला म्हणतो सातला जा, सातवाला म्हणतो चारनं कशाला पाठवलं? असं ऑफिस मी चालवलेलं आहे. निस्तरलं त्याच सदस्यानं, रात्री दीड वाजता. हा माणूस झोपतो कधी?

कंस आले, पण चप्पल काही जाईना आत. मी चर्चापानावर (चार टिल्डांसह) लिहिलं की प्रत्यक्षदर्शी साक्षीदार माझ्या घरात आहे, शेजारच्या खोलीत, आत्ता तुरीच्या शेंगा सोलत आहे. त्यानं अतिशय नम्रपणे लिहिलं की विकिपीडियाला माणूस चालत नाही, प्रकाशित लिखाण लागतं. वाचणाऱ्याला स्वतः पडताळून बघता आलं पाहिजे. तुमच्या सासूबाई खरं बोलत असतील, पण वाचक त्यांच्याकडे कसा येणार?

मी पडद्याकडे बघत राहिले. "तुम्ही दिसताय हो, फॉर्म दिसत नाहीये." माझंच वाक्य, फक्त जास्त सभ्य मराठीत.

सासूबाईंना हे सांगायची चोरी. त्या रोज विचारायच्या, "माझी चप्पल लिहिलीस का?" शेवटी सांगितलं की पुरावा मागतात. त्यांनी शेंग खाली ठेवली. "ट्राममध्ये तो होता की मी?" मग जरा वेळानं, "त्याला सांग, मंगळवार होता. माझा उपास होता म्हणून पक्कं आठवतं. सोडायला घरी पोचले तर बारा वाजून गेलेले, म्हणजे उपास सुटला तो एक एप्रिलला. हे तेव्हापासून दरवर्षी त्यावरून चिडवायचे."

मी जुनं कॅलेंडर शोधलं. ३१ मार्च १९६४. मंगळवार! अंगावर काटा आला. साठेक वर्षांपूर्वीच्या रिकाम्या पोटानं वार बरोबर लक्षात ठेवला होता. धावत जाऊन लिहिलं, तर उत्तर आलं की छानच, पण असं आपण आपलं जुळवून काढलेलं म्हणजे मूळ संशोधन, ते इथे चालत नाही. पीएचडीला जे केल्याशिवाय सोडत नाहीत, ते इथे केलं म्हणून हाकलतात.

मग केलं ते, जे मी लोकांना करायला लावायचे. कागद शोधायला निघाले. दोन वाचनालयं आणि धुळीनं तीन दिवस शिंका. त्यातून निघालं ते असं की ट्राम चालवणाऱ्या बेस्टनंच आपल्या इतिहासात लिहून ठेवलंय: शेवटची ट्राम रात्री १० वाजता निघाली, खच्चून भरलेली. खच्चून भरलेली! गर्दीला कागद मिळाला. चप्पल त्या गर्दीत कुठेतरी आहे असं धरून चालायला हरकत नव्हती, पण धरून चालायचं नाही हे आता मला कळत होतं. मी एक वाक्य लिहिलं. एकच. त्याला संदर्भ जोडला, कंस मोजले, झलक पाहिली, बटण दाबलं आणि चहा टाकायला गेले.

परत येऊन बघते तर सदस्य येऊन गेलेले. छातीत धस्स झालं. पण वाक्य शाबूत होतं. कारणाच्या जागी दोनच शब्द: "अंकांची अदलाबदल." मी १९६४ च्या जागी १९४६ टंकलं होतं. म्हणजे शेवटची ट्राम मी सासूबाई पाटी-पुस्तक घेऊन शाळेत जात असताना सोडली होती. बँकेत रात्री हिशेब जुळेना की फरकाला नऊनं भागून बघायचं. भाग गेला तर कुणीतरी अंक उलटे लिहिलेत. १९६४ वजा १९४६, अठरा. नऊ दुणे अठरा. हा नियम मी २० वर्षं नव्या पोरांना शिकवलाय. त्या सदस्याशी माझं भांडण त्या क्षणी मिटलं. दुसऱ्याची चूक गाजावाजा न करता दुरुस्त करणारा माणूस मला सबंध नोकरीत दोनदाच भेटला होता.

आता मीही "अलीकडील बदल" उघडून बसते. परवा कुणीतरी लिहिलं होतं, "आमच्या गावची जत्रा जगात एक नंबर." मी काढलं आणि हातासरशी लिहिलं, "अविश्वकोशीय." लिहिताना काय गार वाटलं! सवय घराबाहेरही गेली आहे. बुधवारी सिटीलाइटच्या मासळीबाजारात मावशी म्हणाल्या, "ताजा हाय पापलेट." माझ्या तोंडून गेलं, "संदर्भ?" मावशींनी एक शब्द न बोलता अंगठ्यानं कल्ला उचलून आतला लालभडक रंग दाखवला. इतक्या वेगानं संदर्भ मला विकिपीडियावर कुणी दिलेला नाही.

सासूबाईंना मी लेख मोठ्या अक्षरांत दाखवला. त्यांनी चष्म्यातून वाक्य दोनदा वाचलं. "चप्पल?"

"आई, चप्पल इतिहासात आहे." खोटं नव्हतं. "इतिहास" उघडून पहिल्या दिवशीची माझी नोंद काढून दाखवली. उडवलेली, पण तारीख-वेळेसह जशीच्या तशी, डाव्या पायाच्या उल्लेखासकट. त्यांनी दुसऱ्या दिवशी मजल्यावर सगळ्यांना सांगितलं की माझी चप्पल इतिहासात गेली.

नोव्हेंबरात त्यांच्या फॅमिली पेन्शनसाठी हयातीचा दाखला करायला गेलो. आता फॉर्मच हवा असं नाही, अंगठा यंत्रावर टेकवला तरी चालतं. त्यांचा अंगठा झिजलेला, यंत्र घेईना. उजवा घेईना, डावा घेईना, तर्जनी घेईना. काउंटरवरची पोरगी अवघडून म्हणाली, "आजी, मॅच होत नाहीये हो. तुम्ही दिसताय मला, पण सिस्टीमला..."

मी खाली मान घालून उभी होते. सासूबाईंनी अंगठा पदराला पुसला आणि माझ्याकडे वळल्या.

"घे," म्हणाल्या, "आता मलाच संदर्भ हवा."