पिशवीत पुठ्ठा घेऊन लॅमिंग्टन रोडला

मी घरून पत्रिका करते. मुंज, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, कुणाची साठी. लग्नाच्या चारशे-पाचशेच्या ऑर्डरी गिरगावात खाडिलकर रोडला जातात, माझ्याकडे येतात ते "पन्नासच हव्यात पण जरा वेगळ्या" वाले, आणि वेगळ्या म्हणजे कशा हे त्यांना छापून झाल्यावर कळतं.

इतके दिवस डिझाइन घरी आणि छपाई स्टेशनजवळच्या दुकानात असं चाललं होतं. पेनड्राइव्हमध्ये एक फाइल घेऊन जायची आणि अकरा घेऊन परत यायचं, त्यातल्या दहा उघडायच्या नाहीत. एकदा त्यांच्या कॉम्प्युटरवर माझा फाँटच नव्हता, तर मुंजीच्या पत्रिकेत बटूच्या नावाच्या जागी तीन चौकोन छापून आले. त्या दिवशी घरी येऊन जाहीर केलं की आता स्वतःचा प्रिंटर, कलर, आणि लेझर.

लेझरच का, यावर दीरांशी फोनवर पाऊण तास झाला. त्यांचं म्हणणं, इंक टँक घे, म्हणजे बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर, पानामागे फक्त काही पैसेच पडतात. खरं आहे, पडतात. पण मी शेजारणीच्या इंकवर छापलेली एक बारशाची पत्रिका ओट्यावर ठेवली, आई हळदीकुंकवाचा ओला हात घेऊन आल्या, त्यांनी ती उचलली आणि बाळाचं नाव त्यांच्या अंगठ्यावर गेलं. लेझरमध्ये शाई नसतेच, टोनरची पूड असते, बारीक प्लास्टिकच म्हणा ना, ती आत पावणेदोनशे-दोनशे डिग्रीला वितळवून कागदावर दाबून बसवतात. पाण्याला दाद देत नाही. आणि पत्रिका हा आपल्याकडे वाचायचा कागद नाहीच, आधी देवापुढे, मग कुंकवाचं बोट, मग फ्रीजवर.

तर डोंबिवली लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे पण तो विचारलात तर लोक तुमच्याकडेच बघतात.) पिशवीत माझा स्वतःचा पुठ्ठा, ३०० जीएसएमची दहा पानं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड). कारण झेरॉक्सचा कागद असतो ७०-८० चा आणि पत्रिका कोणी ८० वर दिली तर ती पत्रिका वाटत नाही, सोसायटीची नोटीस वाटते.

पहिल्या दुकानात, "ताई, मिनिटाला बावीस पानं!" मी म्हटलं, दादा, मला मिनिटाला बावीस नकोत, महिन्याला दोनशे हवीत पण जाड. तो पुन्हा, "वायफाय पण आहे." दुसऱ्या दुकानात त्यांनी माझा पुठ्ठा हातात घेतला, वाकवून बघितला आणि भाजीवाल्यासारखा परत ठेवला, "हे नाही जाणार." तिसरा म्हणाला जाईल, मग म्हटलं टाकून दाखवा, तर म्हणे बॉक्स फोडला की घ्यावा लागेल. म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम लग्नानंतर.

शेवटी एका गल्लीतल्या रिपेअरवाल्या काकांनी खरं ज्ञान दिलं. म्हणाले, जाहिरात वाचू नका, मागचं झाकण उघडतं का ते बघा. घरगुती मशीनमध्ये कागद खालच्या ट्रेमधून इंग्रजी सी सारखा वळून वर येतो, पुठ्ठा त्या वळणावर अडकतो नाहीतर वाकडा होऊन निघतो. पुढून एकेक पान हाताने घालायचं आणि मागून सरळ बाहेर, असा रस्ता पाहिजे. आणि ३०० विसरा, २२० लिहिलेलं मिळालं तर नमस्कार करा. मी तिथेच नमस्कार केला.

मग हिशोब. बॉक्सवर लिहिलेलं असतं टोनर दीड हजार पानं, पण ती पानं साधारण ५ टक्के भरलेली धरतात. पाच टक्के म्हणजे एखादं ऑफिसचं पत्र. माझ्या पत्रिकेवर वर गणपती, दोन्ही बाजूंना पैठणीचे काठ, खाली मोर, आणि गिऱ्हाईक विचारतं, "मधे रिकामं का वाटतंय?" त्यात नव्या मशीनसोबत येणारे टोनर बऱ्याचदा अर्धवट भरलेले, आणि चारही रंग नवे घ्यायचे तर जवळजवळ दुसरा प्रिंटर येईल इतकी किंमत. नवऱ्याने हे ऐकून शांतपणे विचारलं, "मग दर वेळी प्रिंटरच घ्यायचा का?" मी उत्तर दिलं नाही कारण तोपर्यंत मीही तोच हिशोब करत होते.

आणला एकदाचा. दोन माणसांनी उचलून जिन्यावरून. चालू केला तर हॉलमधला दिवा क्षणभर मंद झाला, आईंनी हात जोडले. इन्व्हर्टरवर लावायचा नाही, त्याला गरम होताना एवढी वीज लागते की इन्व्हर्टर बसेल, म्हणजे लाइट गेली की धंदा बंद.

पहिली ऑर्डर वास्तुशांतीची, सोनेरी गणपती. आता सोनेरी रंग मशीनमध्ये नसतोच, निळसर, मॅजेंटा, पिवळा आणि काळा हे चारच, पांढरासुद्धा नाही, पांढरा म्हणजे कागद. त्यामुळे स्क्रीनवर झळझळणारा गणपती बाहेर आला तो मोहरीच्या फोडणीचा. आई चष्मा लावून म्हणाल्या, "कावीळ झाल्यासारखा दिसतोय गं." मी रडायच्या बेतात, टोनरवर गरम करून चिकटवतात ती सोनेरी फॉइल शोधत बसलेले, तेवढ्यात ती गिऱ्हाईकबाई आली. पत्रिका उचलून म्हणाली, "अय्या, हळदीचा कलर! असाच ठेवा, आणि भाचीच्या हळदीच्या साठ पण याच रंगात करा."

त्या साठ काल छापायला घेतल्या. बेचाळिसाव्याला मशीन थांबलं. पिवळा टोनर अजून निम्मा आहे, संपलाय मॅजेंटा, आणि मॅजेंटा नाही म्हणून ते आता पिवळं तर सोडाच, काळा 'श्री' पण छापायला तयार नाही.