गोजी बेरी खाऊन कुणी 256 वर्षं जगलं नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सुकवलेल्या लाल फळांचा फोटो आणि खाली मजकूर: 'हिमालयातली गोजी बेरी. चीनमध्ये 5000 वर्षांपासून औषध. ही खाऊन ली चिंग-युएन 256 वर्षं जगले. संत्र्याच्या 500 पट व्हिटॅमिन सी. कॅन्सर बरा होतो. रोज मूठभर खा, कोणत्याही औषधाबरोबर चालते, साइड इफेक्ट नाही.' चौथ्यांदा तो माझ्या मावशीनेच पाठवला. खाली लिहिलं होतं, 'मी मागवलं गं पाकीट.' मावशीच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ राहावं म्हणून ती रोज वॉरफरिन घेते. त्यामुळे सुरुवात शेवटच्या वाक्यापासून.

'कोणत्याही औषधाबरोबर चालते' हे साफ खोटं आहे आणि मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्यही तेच. 2001 साली एका 61 वर्षांच्या चिनी बाईंची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. वॉरफरिनवर त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) 2 ते 3 च्या मध्ये स्थिर होता. गोजीचा दाट काढा दिवसाला तीन-चार पेले घ्यायला लागल्यावर तो 4.1 वर गेला. आयएनआर इतका चढला की रक्त गोठायला फार वेळ लागतो आणि आतल्या आत रक्तस्रावाची भीती वाढते. काढा थांबवल्यावर तो ठिकाणावर आला. अशा आणखीही नोंदी नंतर झाल्या. मी मावशीला मेसेज केला नाही, सरळ फोन लावला.

आता 256 वर्षं. ली चिंग-युएन नावाचे वनौषधी गोळा करणारे गृहस्थ खरोखर होऊन गेले, 1933 मध्ये वारले. पण जन्मसाल कुणी 1677 सांगतं, कुणी 1736. कागदोपत्री सिद्ध झालेलं सर्वांत मोठं आयुष्य फ्रान्सच्या जान कालमां यांचं, 122 वर्षांचं. ज्यांचं जन्मसालच नक्की नाही, त्यांच्या वयाचं श्रेय फळाला कसं देणार?

हिमालयाचंही तसंच. बाजारातली बहुतेक गोजी चीनच्या निंगशिया, छिंगहाय, गान्सू, शिंजियांग या भागांतल्या शेतांतून येते. त्यातही निंगशियातल्या चोंगनिंगची नावाजलेली, पिवळ्या नदीच्या पाण्यावर पिकलेली. लडाखची ती नारिंगी आंबट बेरी म्हणजे सीबकथॉर्न, वेगळंच झाड. गोजी आपल्या वांगी-टोमॅटोच्या कुळातली.

व्हिटॅमिन सीचा हिशेब पाटीवर मांडता येतो. 100 ग्रॅम संत्र्यात ते साधारण 53 मिलिग्रॅम. त्याच्या 500 पट म्हणजे 26 ग्रॅमच्या वर, फळाच्या वजनाचा चौथा हिस्सा! सुकवलेल्या गोजीत प्रत्यक्षात 100 ग्रॅममागे 48 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. आपला आवळा यात केव्हाच पुढे आहे.

कॅन्सरबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट: प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर काम झालंय, पण गोजीने माणसाचा कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. केमो चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा नको.

मला जास्त वाईट वाटतं ते चिनी वैद्यकाच्या नावाने हे खपवल्याचं. हे फळ तिथे 'गौछी' म्हणून ओळखलं जातं. ते ज्यात आढळतं तो 'शेननोंग बन्साओ' हा ग्रंथ सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा. 5000 हा आकडा दंतकथेतल्या शेननोंग राजापर्यंत मागे नेलेला. ती परंपरा गौछीला गोड, ना उष्ण ना थंड मानते. यकृत आणि मूत्रपिंड क्षीण झाल्याने डोळे मंद झाले, चक्कर येते, कंबर-गुडघे दुखतात, अशा वेळी ती देतात. त्यांचं 'यकृत' म्हणजे सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे, ती त्यांची स्वतंत्र कल्पना आहे. मात्राही ठरलेली: दिवसाला 6 ते 12 ग्रॅम, बहुधा इतर औषधांसोबत. डोळ्यांच्या एका प्रसिद्ध गोळीत गौछीबरोबर शेवंतीची फुलं असतात. ताप असेल किंवा पोट ढिलं असेल तर चिनी वैद्य ती देत नाही. याच झाडाच्या मुळाची साल वेगळं औषध, आतली उष्णता उतरवणारं. कुणाला, कधी, किती हे पाहणारी ती पद्धत आहे. 'सगळ्यांनी मूठभर खा' हे तिच्या तोंडी घालणं तिचाच अपमान.

डोळ्यांचा धागा मात्र अगदीच हवेतला नाही. गोजीत झिअॅक्झँथिन नावाचं रंगद्रव्य भरपूर असतं, आपल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी असतं तेच. 2021 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने 45 ते 65 वयाच्या 27 निरोगी माणसांवर प्रयोग केला. ज्यांनी आठवड्यातून पाच दिवस 28 ग्रॅम गोजी 90 दिवस खाल्ली, त्यांच्या डोळ्यांतलं हे रंगद्रव्य वाढलं. चष्मा उतरला असं नाही. आणि ते स्निग्ध पदार्थात विरघळतं, पाण्यात नाही. गरम पाण्यात टाकली की ही फळं मनुकांसारखी टम्म फुगतात, पाणी जरासं केशरी होतं. ते पिऊन फळं टाकून दिली तर झिअॅक्झँथिन बरंचसं फळांबरोबरच जातं. चावून खावीत, तेही जेवणासोबत. मक्याच्या कणसात आणि अंड्याच्या बलकातही ते मिळतंच.

मावशीचं पाकीट अजून फोडलेलं नाही. गुरुवारी तिची आयएनआरची तपासणी आहे, तेव्हा ते पिशवीत घालून ती डॉक्टरांनाच दाखवणार आहे.