दुसरा मंगळवार

आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पूर्वी फक्त एकादशी, संकष्टी, दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख असायची. आता त्यात महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची भर पडलीय. त्या दिवशी अमेरिकेत सकाळी माझ्या लॅपटॉपची अपडेट सुटतात, पुण्यात ती रात्री साडेदहा-साडेअकराला पोचतात आणि बुधवारपासून माझं वायफाय दर दहा मिनिटांनी मान टाकतं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. जांभई अर्धवट असतानाच गोठलो. त्याचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

"बंद करून चालू कर," आई म्हणाली. मिक्सरपासून वडिलांच्या श्रवणयंत्रापर्यंत तिनं सगळं असंच दुरुस्त केलंय. मी राउटर बंद करून चालू केला. बायको फोनवरून मान न काढता म्हणाली, "माझ्या फोनवर तर नीट चालतंय." या वाक्याकडे मी दुर्लक्ष केलं. किती मोठी चूक होती ते पुढे कळलं.

कस्टमर केअरवाल्यानं विचारलं, "सर, एलओएसचा, म्हणजे लाइन तुटल्याचा, लाल दिवा लागलाय का?" नव्हता लागला. "मग प्रॉब्लेम तुमच्या साइडनं आहे." लाल दिवा नसल्याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

मग भाच्याला फोन. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे सगळं येण्याच्या वयात. "मामा, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं तीनच. १, ६ आणि ११. तुमची अख्खी बिल्डिंग सहावर बसली असणार." बघितलं तर खरंच. श्रावणी सोमवारी ओंकारेश्वराला नसेल एवढी गर्दी. त्या यादीत वरच्या मजल्यावरच्या काकांच्या वायफायचं नाव दिसलं : 'मागू नये'. एवढंच? काकांना जिन्यात गाठलं, तर कळलं की त्यांची मूळ पाटी 'वायफाय मागू नये' अशी होती. पण नावाला जागा ३२ बाइट्सची आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, तीन बाइट्स खातं. पुणेकराला शब्द आखडते घ्यायला लावणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी ११ वर गेलो. मान टाकणं चालूच.

मग संशय मायक्रोवेव्हवर. तोही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच काम करतो, म्हणून तीन दिवस घरात पापड भाजायला बंदी घातली. वायफायला फरक पडला नाही, आईच्या बोलण्यात मात्र पडला.

चौथ्या दिवशी बायकोनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी फोनमधून मान काढून. तेव्हा डोक्यात उजेड पडला : फोन चालतोय, म्हणजे राउटर निर्दोष. मी लॅपटॉपच्या पोटात शिरलो. वायफायचं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, जुन्या आवृत्तीवर परत जायचं बटण होतं, पण करडं, दाबलं तरी ढिम्म. त्याच्या पलीकडच्या एका टॅबवर एक चौकोन होता. त्याचा अर्थ असा, की वीज वाचवायची असेल तर लॅपटॉपनं वायफायचं कार्ड खुशाल बंद करावं. चौकोनात टिक. मी ती कधी केली नव्हती. काढली. वायफाय आज्ञाधारक मुलासारखं चालू लागलं आणि मी घरात तीन आठवडे तज्ज्ञ म्हणून वावरलो.

पुढच्या अपडेटनंतर टिक परत जागेवर! त्याच्या पुढच्या महिन्यातही.

१२ ऑगस्ट २०२५ ला दुसरा मंगळवार आणि अंगारकी एकाच दिवशी आली. चंद्रोदय झाला, आरती झाली, पानं वाढली. गप्पांत साडेदहा वाजून गेले आणि कोपऱ्यात लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. मी दुसऱ्या मोदकाची पारी फोडून तूप ओतणार, तेवढ्यात बायकोनं तुपाची वाटी आपल्याकडे ओढली.

"आधी टिक काढून ये."