मामाचा टेम्पो, गावची वाळवी आणि कोकणातल्या वखारी

परवा आमच्या वाडीत मुंबईहून एका घराचं सामान आलं. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या खोलीत कपाट मावेना, मग काय, "गावच्या घरी टाकूया". सागवानी कपाट, दोन पलंग, सासूबाईंची शिलाई मशीन, डबल डोअर फ्रीज, सगळं पडवीत आणि माळ्यावर रचून, वर ताडपत्री टाकून माणसं रविवारी रात्रीच्या गाडीने परत. आता हे सामान दोन पावसाळे इथे राहणार. कपाटाच्या पाठीला वाळवी लागणार, मशीनचं चाक गंजणार आणि मग दिवाळीत येऊन म्हणणार, गावची हवाच खराब. अरे हवा तीच आहे, सामान ठेवायची अक्कल होती ती आपण घालवली.

आईचं माहेर चिपळूणचं. मामाचा टेम्पोचा धंदा आणि त्याच्या आधी आजोबा हुंडेकरी, म्हणजे गोवळकोटच्या धक्क्यावर उतरलेला माल गाड्यांवर घालून कुंभार्ली घाटाने कराडला पोचता करायचा आणि घाटावरचा माल खाली आणायचा. हा व्यवसाय आम्हाला नेहमी 'वाहतुकीचा' म्हणून सांगितला गेला, पण माझं मत असं झालंय की कोकणातल्या या सगळ्या घरांचा खरा धंदा वाहतूक नव्हताच, साठवणूक होता. वाहतूक करणारे पुष्कळ होते हो, होड्या हाकणारे तांडेल होते, गाडीवान होते. पण पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत पडाव, मचवे, फतेमाऱ्या, सगळी गलबतं शाकारून काठावर. म्हणजे मीठ, तांदूळ, मंगलोरी कौलं, जे काय यायचं ते पावसाच्या आधी यायला पाहिजे आणि कुठेतरी कोरडं राहायला पाहिजे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी घरोघरी व्हायची तशी अख्ख्या बाजारपेठेची बेगमी ही वखारवाली घरं करायची. ज्याची वखार कोरडी त्याचा धंदा चालू, इतकं सोपं गणित.

आणि हे काही आजोबांच्या काळातलं नाही. वेंगुर्ल्यात डचांची वखार १७ व्या शतकातली, पडकी का होईना अजून उभी आहे. राजापूरला इंग्रजांची वखार होती, १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर मारलं तेव्हा ती पण सोडली नाही. परदेशातून आलेल्या या लोकांनी इथे आल्याआल्या आधी काय बांधलं तर वखार. पुढे राजापूरची खाडी गाळाने भरत गेली, गलबतं आत यायची थांबली आणि बंदर बसलं. आमच्या चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत पण गाळच गाळ, त्याचं काय झालं ते २२ जुलै २०२१ च्या पुरात अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं.

आजोबांच्या वखारीचं मामा जे सांगतो ते ऐकण्यासारखं आहे. चिऱ्याच्या भिंती, पण पोतं भिंतीला टेकवायचं नाही, मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा सोडायची. खाली दगड, दगडावर फळ्या, फळ्यांवर थप्पी, म्हणजे खालून वारा खेळता. महिन्यातून एकदा थप्पी मोडून परत लावायची, खालचं वर, वरचं खाली, आणि हे हमालांवर सोडायचं नाही, घरातलं कोणीतरी उभं राहायचंच. मामाला शाळेतून आल्यावर हेच काम. वैताग यायचा म्हणतो. पण मग तोच मामा आज घर हलवताना काय करतो बघा: काचेच्या कपाटाचे कप्पे आधी बाहेर, काचा गाद्यांच्या मधे उभ्या (आडवी काच फुटतेच), हंडे-कळश्यांत भाताचा पेंढा, आणि देव मागे सामानात कधीच नाही, देव केबिनमध्ये घरच्या बाईच्या मांडीवर. बबल रॅपवाले पोरगे हे करत नाहीत, ते सगळ्याला सारखंच गुंडाळतात.

मग रस्ते सुधारले, ट्रक आले, ८६ साली टाटाची ४०७ गाडी आली आणि मामाने हप्त्याने उचलली. बारा महिने माल येऊ लागला म्हटल्यावर साठवायची गरजच काय? वखारी बंद झाल्या, त्यांचे गाळे झाले, काहींची लॉजं झाली. तेव्हा सगळे खूष होते. पण नुसती वाहतूक उरली की राहतं काय, भाडं आणि डिझेल. आणि रिटर्न भाड्याची बोंब. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईहून भरून यायचं आणि जाताना रिकामं. आंबा असला तर ठीक, नाहीतर पेण येईपर्यंत नुसती हवा वाहायची. २००५ नंतर छोटा हत्ती (टाटाचा छोटा टेम्पो) आला, गल्लीगल्लीत एकेक गाडी झाली, भाव पडला तो पडलाच.

हा रिकाम्या परतीचा त्रास अमेरिकेतल्या घरगुती मूव्हिंग कंपन्यांना पण होता. त्यांनी १९२८ मध्ये एकत्र येऊन अलाइड व्हॅन लाइन्स काढली, का तर एकाची गाडी परतताना दुसऱ्याचा माल उचलेल. बेकिन्स भावांनी १८९१ मध्ये घोडागाड्यांवर सुरू केलं आणि पुढे मोठमोठी गोदामं बांधली, नुसत्या गाड्यांवर बसले नाहीत. इंग्लंडातलं पिकफर्ड घराणं तर १७ व्या शतकापासून घोड्यांवर माल वाहणारं, नंतर कालव्यातल्या बोटी, धक्क्यांवर गोदामं, पण १८१७ च्या सुमारास डबघाईला आलं आणि बाहेरचा बॅक्सेंडेल भागीदार म्हणून घ्यावा लागला. नाव राहिलं, घराणं बाजूला झालं. आपल्याकडे एकत्र येणं सोडा, एका स्टँडवरचे दोन टेम्पोवाले एकमेकांचं भाडं तोडतात. यात गिऱ्हाईक म्हणून आपण पण धुतल्या तांदळाचे नाही. वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, शंभर रुपयांवरून घासाघीस आपणच करतो ना, आणि मग नेटवरच्या कुठल्यातरी अनोळखी पॅकर्सला अर्धे पैसे ॲडव्हान्स देतो, जो निम्म्या वाटेत गाडी थांबवून जादा पैसे मागतो. आमच्या शेजाऱ्यांचं झालंय. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, 'ओनर्स रिस्क' (नुकसान झालं तर मालकाचं) असा शिक्का, मालाची किंमत लिहिलेली नाही, मग भांडायचं तरी कशावर.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की साठवणुकीची गरज आता परत आली आहे आणि ती ओळखणारं कोणी नाही. मुंबईत चाळी पडतायत, पुण्यात पोरं भाड्याने घरं बदलतायत, सगळ्यांचं जास्तीचं सामान गावाला येतंय आणि गावची घरं वर्षातले दहा महिने कुलपात. उंचावरचं, पुराची रेषा जिथे पोचत नाही असं, फळ्यांवर सामान ठेवणारं एक कोरडं गोदाम. खोलीगणिक भाडं. मे महिन्यात गाडी भरून येते तेव्हाच सामान घ्यायचं, म्हणजे वाहतूक पण आपलीच.

मामेभावाला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, लोक सहा महिने भाडं देतील, मग फोन उचलायचे बंद. त्यांच्या फ्रीजचं मी काय लोणचं घालू?" शंका खरी आहे. पण करारात तसं स्पष्ट लिहून घेतलं तर सांभाळण्याचे पैसे मिळेपर्यंत सामान अडवून ठेवता येतं, १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये तशी सोय आहे. साधा करार करायचा, तीन महिन्यांचं भाडं आधी घ्यायचं आणि यादीवर दोघांच्या सह्या. मामाचं मत वेगळंच आहे, तो म्हणतो, कराराबिराराचं नंतर बघा, आधी मला जागा दाखवा, जमीन ओल धरते का ते मी पावसात उभा राहून बघणार.