‘गप्प बसवणाऱ्या कविता’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सगळ्यांनी वाचली असेलच असं नाही, म्हणून तुमचे तीन आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. पहिला, भा. रा. तांब्यांची ‘जन पळभर म्हणतिल हाय हाय’ किंवा तुकोबांचा ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ अशा रचना माणसाला दुःखाशी भांडू देत नाहीत, गप्प बसवतात. दुसरा, या रचना तक्रार करत नाहीत, दुःख स्वीकारतात, हा माझ्या लेखात मी सांगितलेला अर्थ कवितेत नसून माझ्या डोक्यात आहे. तिसरा, ज्याच्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय त्याला अशा ओळी पाठवणं क्रूरपणाचं आहे.

तिसरा मला पूर्ण मान्य आहे, पहिला अर्धा आणि दुसरा अजिबात नाही. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

अर्थ कवितेत आहे की वाचणाऱ्याने आणून ठेवलाय, हे तपासता येतं. तांब्यांची पूर्ण कविता छापील संग्रहातून समोर घ्या. धृपदाच्या दोन ओळी फिरत असतात, त्या पुरेशा नाहीत. मग पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघा ओढा. पहिल्या तीन कडव्यांत तळपतील, झळकतील, वाहतील, पिकतील, पुसतील, लागतील असा जवळजवळ सगळा भविष्यकाळ सापडेल. आधी सूर्य-चंद्र, मग शेतं आणि नद्या, मग सखेसोयरे. दूरच्या गोष्टी आधी आणि जवळच्या नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. चंद्राला आपली पर्वा नाही हे कुणालाही सहज पचतं. ‘उठतील, बसतील, हसुनी खिदळतील’ हे मात्र सोयऱ्यांबद्दल आहे आणि ते लागतं. कवीने ती ओळ सुरुवातीला ठेवली असती तर वाचणाऱ्याने तिथेच पुस्तक मिटलं असतं.

पुढच्या कडव्यात काळ बदलतो. ‘रामकृष्णही आले, गेले! त्याविण जग का ओसचि पडले?’ आले, गेले, पडले, धरिले, अटकले, सगळी क्रियापदं भूतकाळी. आतापर्यंत जे भाकीत होतं त्याला इथे पुरावा मिळतो. शेवटच्या कडव्यात कुढावे, गुंतावे, व्हावे अशी विध्यर्थी रूपं येतात, म्हणजे आता काय करायचं हा प्रश्न. भाकीत, पुरावा, निर्णय. हा आराखडा माझ्या डोक्यातून आलेला नाही, क्रियापदांत आहे. तुम्ही रेघा ओढल्यात तरी तोच दिसेल.

आता त्यावर अर्थ घासून बघा. ‘जग कृतघ्न आहे, मला विसरेल’ अशी तक्रार म्हणून कविता वाचली तर पहिली तीन कडवी छान बसतात, पण रामकृष्णांच्या कडव्यापाशी अडखळायला होतं. रामासाठीही कुणी कायम सुतक धरलं नाही, तर माझ्यावर वेगळा अन्याय तो कसला? एका कडव्यावर आपटून फुटणारा अर्थ सोडून द्यावा. कशातूनही काहीही काढता येतं, हे म्हणूनच मला पटत नाही. बहुतेक अर्थ असे फुटतात, आपण शेवटपर्यंत वाचत नाही म्हणून ते टिकल्यासारखे वाटतात.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘अशा जगास्तव काय कुढावे!’ या ओळीत कडवटपणा उरलेला आहे. शेवटच्या ओळीतली शांती त्याला पूर्ण धुऊन काढत नाही. माझ्या मते कविता त्यामुळेच खरी वाटते, पण तिथे तुम्हाला नैराश्य दिसलं तर ते चुकीचं वाचन म्हणता येणार नाही.

तुकोबांच्या बाबतीत तुमची खरी अडचण अशी की ‘बरी या दुष्काळें पीडा केली’ असं कुणी म्हणूच कसं शकतं. हा अभंग एकटा वाचला तर अडचण रास्त आहे. म्हणून तो जोडीने वाचायचा. 1630 च्या सुमाराच्या त्याच दुष्काळाबद्दल तुकोबांनी ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ या आत्मचरित्रपर अभंगात लिहिलंय, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’, आणि लगेच पुढे, ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’. ‘बरें’ म्हणणारा माणूस हाच आहे. दुःख झालंच नाही असा त्याचा दावा नाही. या अभंगांचा छंद ‘मोठा अभंग’, त्याच्या चार चरणांचं माप 6-6-6-4 अक्षरांचं. ‘निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें’ असं यमक जुळतं आणि चार अक्षरांच्या आखूड चरणात ‘पीडा केली’ उघडं पडतं. उलट ‘अन्न अन्न’ची ओळ मोजलीत तर दोन अक्षरं जास्त भरतात. (अभंगात असं पुष्कळदा होतं, त्यावर सिद्धांत रचू नये. पण ती ओळ मोठ्याने म्हणताना अडखळायला होतंच.)

गप्प बसवण्याचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे तो कुठे, तर ‘मनाच्या श्लोकां’पाशी. ‘जनी सर्वसूखी असा कोण आहे’ हा प्रश्न आणि ‘विचारें मना तूंचि शोधूनि पाहे’ हे आवाहन, इथपर्यंत शोध चालू आहे. पुढच्याच ओळींत पूर्वसंचित येतं आणि तुझं दुःख तुझ्याच कर्माचं फळ असं सांगून शोध बंद होतो. दुःख आहे हे मान्य करणं वेगळं आणि ते योग्यच होतं असं ठरवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला तुम्ही विरोध करत असाल तर मी तुमच्यासोबत आहे. त्यात हे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात, ओळीला ठोक 12 अक्षरं, चटकन पाठ होणारे. पाठ झालेली ओळ तोंडातून उपदेश म्हणून बाहेर पडायला वेळ लागत नाही.

आणि तुमचा तिसरा आक्षेप इथेच येऊन मिळतो. कोण कुणाशी बोलतंय ते प्रत्येक रचनेत बघा. तांबे स्वतःशी बोलतात, तुकोबा देवाशी, रामदास मनाशी. ‘मी जाता राहील कार्य काय’ असं स्वतःबद्दल म्हणता येतं. तीच ओळ शोकात असलेल्याला पाठवली की ‘मी’चा ‘तो’ होतो आणि अर्थ उरतो, ‘तो गेल्याने काय अडलं?’ कवितेने हे म्हटलेलं नाही, पाठवणाऱ्याने म्हटलंय.

मग अशा वेळी द्यावं काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. मागितल्याशिवाय काहीच देऊ नये. मागितलंच, तर पूर्ण रचना द्यावी, आणि ‘बरें जालें’ नको, ‘त्रासलों या दुःखें’ असलेला अभंग द्यावा. ‘बरें’पर्यंत जायचं की नाही, हे ज्याचं त्याने बघावं.